थार रोज चालवायची तर : मोजपट्टीपासून पावसाळी धुण्यापर्यंत

महिंद्राची थार घ्यायचं मनात पक्कं झालेला माणूस पाण्याचा आकडा तोंडपाठ म्हणतो. ६५० मिमी पाण्यातून जाते, ग्राउंड क्लिअरन्स २२६ मिमी, पुढचा अ‍ॅप्रोच अँगल, म्हणजे नाक न घासता चढता येणारा कोन, ४१ अंशांच्या वर. आकडे खरेच आहेत. पण सकाळी पावणेनऊला सिंहगड रोडवरच्या गर्दीत त्यातला एकही कामाला येत नाही. तिथे कामाला येतात ती उंची, रुंदी, मागचा दरवाजा उघडायला लागणारी जागा आणि क्लच दाबून दाबून दुखणारी डावी पोटरी. अशी गाडी डोंगरासाठी घेतली, तरी तिची खरी परीक्षा सोसायटीच्या पार्किंगमध्ये होते. म्हणून सुरुवात तिथून.

लेख मुख्यतः तीन दरवाज्यांच्या थारबद्दल आहे. २ ऑक्टोबर २०२० ला आलेली ही गाडी आपल्या नाशिकला तयार होते आणि रस्त्यावर सगळ्यात जास्त तीच दिसते. मारुतीची जिम्नी, फोर्सची गुरखा आणि थारचीच पाच दरवाज्यांची बहीण रॉक्स जिथे फरक पडतो तिथे येतील.

पायरी १ : मोजपट्टी घेऊन खाली उतरा

शोरूमला फोन करायच्या आधी आपल्या पार्किंगची जागा मोजा. थारची लांबी ३,९८५ मिमी, म्हणजे चार मीटरच्या आत. हॅचबॅकच्या जागेत बसेल असं वाटतं आणि लांबीत बसतेही. अडचण रुंदीची आहे. ती १,८२० मिमी, आरसे वेगळे. त्यात तीन दरवाज्यांच्या गाडीचे दरवाजे लांब असतात. शेजारच्या खांबापासून हातभर जागा नसेल तर तुम्ही पोट आत घेऊन उतरणार, रोज. जिम्नी याच लांबीची, पण रुंदी १,६४५ मिमी. पेठांमध्ये, गिरगावात किंवा जुन्या ठाण्यात राहणाऱ्यासाठी हा पावणेदोनशे मिलिमीटरचा फरक इंजिनाच्या ताकदीपेक्षा मोठा ठरतो.

मग मागची बाजू. स्टेपनी दरवाज्यावर लटकलेली आहे आणि दरवाजा वर उचलला जात नाही, बाजूला उघडतो. भिंतीला मागचा बंपर टेकवून गाडी लावलीत तर डिकी उघडणारच नाही. आधी भाजीच्या पिशव्या काढा, मग गाडी मागे घ्या, हा क्रम घरात सगळ्यांना शिकवावा लागतो.

उंची १,८५० मिमीच्या घरात. तुमच्याकडे स्टॅक पार्किंग, म्हणजे एकावर एक गाड्या ठेवायचे यांत्रिक कप्पे, असतील तर त्यावरची पाटी नीट वाचा. तिच्यावर उंचीची आणि वजनाची मर्यादा लिहिलेली असते. सेडानसाठीच्या कप्प्यात ही गाडी जात नाही, आणि बिल्डरने ‘एसयूव्ही चालेल’ असं तोंडी सांगितलं असेल तर ते लिहून घ्या. छतावर कॅरिअर लावायचा विचार असेल तर मॉलच्या तळघराच्या दारातला उंचीचा दांडाही आठवा.

पायरी २ : मागे कोण बसणार?

तीन दरवाज्यांच्या थारमध्ये मागे जायचं म्हणजे पुढची सीट वाकवायची, पायरीवर पाय द्यायचा, अंग तिरकं करायचं आणि आत शिरायचं. नऊवारीतल्या आजीला हे जमणार नाही आणि पाचवारीतल्या आईलाही रोज आवडणार नाही. मागे दोघंच बसतात आणि मागच्या काचा उघडत नाहीत. शाळेच्या पोरांना गंमत वाटते. घाटात ज्याला मळमळतं त्याला मुळीच वाटत नाही.

घरात चार मोठी माणसं असतील आणि गाडी एकच असेल, तर तीन दरवाज्यांचा नाद सोडा. रॉक्स ऑगस्ट २०२४ मध्ये आली ती याच कारणाने. तिची लांबी मात्र ४,४२८ मिमी आहे, म्हणजे पायरी १ पुन्हा पहिल्यापासून. जिम्नीला पाच दरवाजे आहेत, पण मागची सीट लावल्यावर डिकीत दोन बॅगा मुश्किलीने मावतात.

सेकंड हँड बघत असाल तर २०२० आधीच्या थारमध्ये मागे समोरासमोरची बाकडी आहेत. शेतावर जायला ठीक. मुलांना घेऊन हायवेला जायला अजिबात नाही. २०२० च्या थारला धडकेच्या चाचण्या घेणाऱ्या ग्लोबल एनकॅपने सुरक्षिततेचे चार तारे दिले, तेव्हा मागची तोंड पुढे असलेली, पट्टे असलेली सीटच घ्या. जुनी सॉफ्ट टॉप स्वस्तात मिळते. पण रोजच्या गाडीला कापडी छत म्हणजे हायवेला फडफड, उन्हात तापलेला एसी आणि रस्त्यावर लावताना मनात धाकधूक. हार्ड टॉपच बरी.

पायरी ३ : फोर बाय फोर तुम्हाला लागणार आहे का?

हा प्रश्न विचारला की लोक रागावतात. तरी विचारा.

थारचं १.५ लिटर डिझेल इंजिनाचं मॉडेल फक्त मागच्या चाकांना ताकद देतं. दिसायला ती तशीच आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी बदलला तेव्हापासून तिच्या आणि फोर बाय फोरच्या, म्हणजे चारही चाकांना ताकद देणाऱ्या थारच्या, किमतीतलं अंतर समजून घेण्यासारखं झालं आहे. लांबी चार मीटरच्या आत आणि डिझेल इंजिन १,५०० सीसीपर्यंत किंवा पेट्रोल १,२०० सीसीपर्यंत असेल तर १८ टक्के, त्यापुढे ४० टक्के. १.५ डिझेल थार १८ मध्ये बसते. २.२ लिटरची फोर बाय फोर डिझेल आणि दोन लिटरची पेट्रोल ४० मध्ये. जिम्नी एवढीशी असूनही तिचं पेट्रोल इंजिन १,४६२ सीसीचं, म्हणून तीही ४० मध्येच. त्यावर महाराष्ट्रात आरटीओचा एकरकमी कर. वैयक्तिक नावावरच्या १० ते २० लाखांच्या गाडीला पेट्रोलवर १२ आणि डिझेलवर १४ टक्के.

आता हिशोब प्रामाणिकपणे करा. वर्षातून दोनदा लोणावळा आणि एकदा महाबळेश्वर असेल तर रिअर व्हील ड्राइव्ह पुरते, कारण तिथे सगळीकडे डांबर आहे. पण मुळशी, वेल्हे किंवा भोरच्या बाजूला शेत असेल आणि शेवटचे दोन-तीन किलोमीटर तांबड्या मातीचे असतील, तर गोष्ट वेगळी. जुलैत त्या चढावर मागची चाकं जागच्या जागी फिरतात आणि गाडी हळूहळू गटाराकडे सरकते. अशा ठिकाणी पुढच्या चाकांना ताकद मिळणं हाच उपाय. घाटमाथ्यावर गाव असलेला, सर्वेक्षणाच्या कामाला फिरणारा, डोंगरातल्या पाड्यांवर जाणारा डॉक्टर किंवा शिक्षक, या लोकांनी जास्तीचे पैसे खुशाल मोजावेत. गुरखा या सगळ्यांत रांगडी, पुढेमागे दोन्ही डिफरन्शियलला (चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरला) लॉक आणि कारखान्यातूनच स्नॉर्केल, म्हणजे इंजिनाला उंचावरून हवा देणारी नळी. पण रोज कोथरूड ते हिंजवडी तिच्यातून करायचं म्हणजे हौसच हवी.

पायरी ४ : टेस्ट ड्राइव्ह आपल्या रस्त्यावर

शोरूमवाले गुळगुळीत रस्त्यावर एक चक्कर मारून आणतात. त्यांना सांगा, माझ्या घरापर्यंत चला. सोसायटीचा रॅम्प चढवा, आपल्या जागेत लावा, आईला मागे बसवून उतरवा. एखादा गतिरोधक ३० च्या वेगाने ओलांडा. शिडीसारख्या चॅसीवर बांधलेली गाडी मोठ्या खड्ड्याला दाद देत नाही, पण लहान लहान खडबडीवर सतत डोलते. ते डोलणं कुणाला आवडतं, कुणाची मान धरते. विकत घेण्याआधी कळलेलं बरं.

पायरी ५ : टायर

रोजच्या वापरात या गाडीचा स्वभाव इंजिनापेक्षा टायर जास्त ठरवतात, म्हणून इथे जरा थांबू.

तीन जाती धरा. हायवे टायर शांत, ब्रेकला चांगले, चिखलात निरुपयोगी. मड टायर चिखलात बहाद्दर, डांबरावर घोंगावणारे आणि पावसात ब्रेक दाबला की पोटात गोळा आणणारे. कारण उघड आहे. त्यांच्या ठोकळ्यांमध्ये मोकळी जागा जास्त, त्यामुळे ओल्या डांबराला टेकणारं रबर कमी. मधले ते ऑल टेरेन. थारच्या वरच्या मॉडेलला कारखान्यातून २५५/६५ आर १८ मापाचे ऑल टेरेन येतात आणि रोज चालवणाऱ्याने तेच ठेवावेत असं माझं स्पष्ट मत आहे. शहरात मड टायर लावून हिंडणाऱ्यांपैकी बहुतेकांनी त्यांना चिखल दाखवलेला नसतो.

मोठ्या मापाचे टायर टाकायचा मोह होतो. व्यास पाच टक्क्यांनी वाढला की काटा ८० दाखवतो तेव्हा गाडी आधीपेक्षा पाच टक्के जास्त पळत असते. पिकअप मंदावतो, अ‍ॅव्हरेज पडतं, स्टिअरिंग पूर्ण वळवलं की टायर आत घासू शकतो, आणि अपघातानंतर विम्याचा सर्व्हेअर आधी तिकडेच बघतो.

हवेचा दाब ड्रायव्हरच्या दरवाज्याजवळच्या स्टिकरप्रमाणे, गाडी थंड असताना. सैल मुरूम किंवा चिखलाची वाट लागली तर २०-२२ पीएसआयपर्यंत उतरवा. टायर पसरतो, जमिनीला टेकणारा भाग वाढतो आणि अर्धी अडचण तिथेच संपते. डांबराला लागताच पुन्हा भरा. कमी हवेत ८० च्या वेगाने पळवलेला टायर आतून तापून फाटतो. यासाठी गाडीच्या सॉकेटवर चालणारा छोटा कंप्रेसर सीटखाली ठेवा. सगळ्या अ‍ॅक्सेसरीजमध्ये पैसे वसूल करणारी हीच एक वस्तू. दर दहा हजार किलोमीटरला टायर पुढेमागे फिरवा आणि स्टेपनीही त्या फेऱ्यात घ्या. फोर बाय फोरला चारही टायर सारखे झिजलेले असणं महत्त्वाचं आहे, नाहीतर पुढच्या आणि मागच्या चाकांत ओढाताण होते.

पायरी ६ : शहरातल्या सवयी

थारचं बॉनेट उंच आहे. त्याच्यासमोर उभं राहिलेलं लहान मूल ड्रायव्हरला दिसत नाही. पार्किंगमधून निघताना गाडीभोवती एक चक्कर मारायची सवय लावा. मागे स्टेपनी आरशातला बराच भाग खाते. गाडीला मागचा कॅमेरा नसेल तर पहिल्या आठवड्यात बसवून घ्या. वळताना पुढच्या काचेच्या बाजूचा जाड खांब अख्खी दुचाकी लपवतो, म्हणून चौकात डोकं पुढेमागे हलवून बघायचं.

वजन जास्त आणि गुरुत्वमध्य उंच. हॅचबॅकमध्ये मारायचात तसा ऐनवेळचा कट मारायला जाऊ नका. पुढच्या गाडीपासून अंतर दीडपट ठेवा. त्या मोकळ्या जागेत रिक्षा घुसणार, घुसू दे.

डिझेल घेतलीत आणि रोजचा प्रवास चार-पाच किलोमीटरचा असेल तर डीपीएफ समजून घ्या. बीएस-६ डिझेलच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारी ही जाळी असते. साठलेली काजळी जाळायला तिला उष्णता लागते आणि सिग्नल ते सिग्नल चालवून ती मिळत नाही. मग डॅशबोर्डवर दिवा लागतो. आठवड्यातून एकदा गाडी बायपासला काढून वीस-पंचवीस मिनिटं एका लयीत, जरा वरच्या आरपीएमवर चालवली की काम होतं. दिवा लागलेला असताना दुर्लक्ष करून महिनाभर चालवली तर वर्कशॉपची वारी ठरलेली. ज्याचं रोजचं चालणं अगदीच कमी आहे त्याने पेट्रोल घ्यावं. पंपावर पैसे जातील, डोकं शांत राहील. अ‍ॅव्हरेजची अपेक्षा एकूणच बेताची ठेवा. शहरात डिझेल दहा-अकराच्या आसपास, पेट्रोल त्याच्या खाली.

पायरी ७ : तो दुसरा दांडा

गिअरच्या शेजारी जो छोटा दांडा असतो त्याची भीती किंवा मिरवायची हौस, दोन्ही सोडायला हवं. टू-हाय म्हणजे नेहमीची मागची दोन चाकं. फोर-हाय म्हणजे चारही. फोर-लो म्हणजे चारही चाकं, पण आणखी खालचा गिअर, वेग कमी आणि जोर भरपूर.

थारची प्रणाली पार्ट-टाइम आहे. पुढच्या आणि मागच्या शाफ्टमध्ये मधलं डिफरन्शियल नाही, दोन्ही एकाच वेगाने फिरतात. वळताना मात्र पुढच्या चाकांना मागच्यांपेक्षा मोठा वळसा घ्यावा लागतो. चिखलात किंवा खडीत चाक थोडं घसरून हा फरक भरून काढतं. कोरड्या डांबरावर घसरायला वाव नसतो, मग ताण शाफ्टवर आणि गिअरवर येतो. सोसायटीच्या फरशीवर फोर-हाय टाकून वळवून बघा. स्टिअरिंग जड होतं, गाडी अडखळते, टायर चिरचिरतात. तेवढं एकदा अनुभवलं की कोरड्या रस्त्यावर टू-हाय हा नियम कुणी सांगावा लागत नाही. मुसळधार पावसात ताम्हिणीत फोर-हाय टाकावं का, असं विचारतात. डांबर चांगलं असेल तर गरज नाही, वेग कमी करा. दरडीची माती रस्त्यावर पसरली असेल तेवढ्या पट्ट्यात टाका, पुढे काढा.

फोर-हाय चालत्या गाडीत, बेताच्या वेगात, चाकं सरळ ठेवून पडतं. फोर-लोला गाडी थांबवा, न्यूट्रल करा, क्लच दाबा, मग दांडा ओढा. अडला तर जोर लावू नका. गाडी वीतभर पुढे सरकवून पुन्हा प्रयत्न करा, दाते जुळले की अलगद बसतो.

चिखलात एक चाक हवेत फिरत राहिलं तर आपण घाबरून अ‍ॅक्सिलरेटर सोडतो. इथे उलट करायचं. बऱ्याच मॉडेलमध्ये फिरणाऱ्या चाकाला गाडी स्वतःच ब्रेक लावते आणि ताकद जमिनीवर टेकलेल्या चाकाकडे वळवते. ती यंत्रणा जागी व्हायला अ‍ॅक्सिलरेटर हलकाच पण स्थिर धरून दोन-तीन सेकंद थांबावं लागतं.

आणि शहरातल्या मालकांसाठी महत्त्वाचं : महिन्यातून एकदा मातीचं मैदान किंवा कच्चा रस्ता शोधून फोर-हाय आणि फोर-लो दोन्ही टाका, थोडं अंतर चाला. ट्रान्सफर केसमधलं, म्हणजे ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणाऱ्या पेटीतलं, तेल फिरतं, जोडण्या मोकळ्या राहतात. वर्षभर न हलवलेला दांडा नेमका गरजेच्या दिवशी अडकतो.

पायरी ८ : पाणी

६५० मिमी म्हणजे गुडघ्याच्या वर वीतभर. हा आकडा साचलेल्या, स्थिर पाण्याचा आहे. वाहत्या पाण्याला तो लागू नाही. फरशी पुलावरून पाणी वाहत असेल तर गुडघ्याएवढंही गाडीला ढकलून नेऊ शकतं, कारण रुंद टायर आणि बंद केबिनमुळे गाडी तरंगायला लागते आणि चाकांची पकड सुटते. पलीकडून एसटी आली म्हणून आपणही जायचं नाही. तिचं वजन आपल्या कितीतरी पट आहे.

स्थिर पाणी असेल तर आधी समोरून येणारी गाडी कुठपर्यंत बुडते ते बघा. उतरायचंच ठरलं तर फोर-लो, पहिला किंवा दुसरा गिअर, एकसारखा वेग. बंपरपुढे छोटी लाट तयार होते, तिच्या मागोमाग राहा. मध्ये गिअर बदलू नका. गाडी बंद पडली तर किल्ली किंवा बटण पुन्हा दाबू नका. सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन खोलावं लागतं. विमा घेताना इंजिन प्रोटेक्शन जोडून घ्या. साध्या पॉलिसीत हा खर्च बहुधा बसत नाही.

बाहेर आल्यावर ब्रेक हलके दाबत शंभर-दोनशे मीटर चाला, म्हणजे ते सुकतात. खोल पाण्यातून आलात तर त्याच आठवड्यात मेकॅनिकला डिफरन्शियलचं तेल तपासायला सांगा. तापलेल्या अ‍ॅक्सलवर गार पाणी पडलं की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढते. नट सैल करून बोटाला तेल लावून बघतात. ते दुधाच्या चहासारखं दिसलं तर आत पाणी गेलंय, बदलायलाच हवं.

समुद्रकिनाऱ्यावर गाडी नेऊ नका. कोकणात वाळूत रुतलेल्या गाड्यांचे व्हिडिओ दर सुट्टीत फिरतात, गुन्हेही दाखल झालेले आहेत. वेळास आणि आंजर्ल्यासारख्या ठिकाणी ऑलिव्ह रिडले कासवं वाळूत अंडी घालतात, ती चाकाखाली येतात. दुरुस्तीचा खर्च हा त्यानंतरचा मुद्दा.

पायरी ९ : नटवताना कायदा आणि विमा

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडी मुळात जशी नोंदली गेली त्यात परस्पर बदल करता येत नाहीत. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठामपणे सांगितलं. पुढे लावतात ते लोखंडी बुल बार २०१७ च्या डिसेंबरपासून केंद्राच्या आदेशाने बंद आहेत. ते पादचाऱ्याला जीवघेणे ठरतात, शिवाय धडकेचा जोर चॅसीवर वेगळ्या पद्धतीने पोहोचल्यामुळे एअरबॅग वेळेवर न उघडण्याचा धोका असतो. लाइट बार लावून घाटात समोरच्याचे डोळे दिपवणाऱ्यांबद्दल काय बोलावं.

बाजूची पायरी, रबरी मॅट, मागचा कॅमेरा, सीट कव्हर एवढं पुरे. सीट कव्हर शिवताना बाजूची एअरबॅग सीटमध्ये आहे का ते विचारा. डिकीत टो स्ट्रॅप (गाडी ओढायचा पट्टा), तो अडकवायला दोन डी-शॅकल कड्या आणि छोटं फावडं. स्ट्रॅप नेहमी चॅसीच्या टो हुकला लावा, बंपरला किंवा स्टिअरिंगच्या रॉडला नाही. ओढताना लोकांना दोरीच्या लांबीपेक्षा जास्त दूर उभं करा.

पायरी १० : पावसाळ्यात धुणं

अशा गाडीला वरून चमकवण्यापेक्षा खालून धुणं गरजेचं. कच्च्या रस्त्यावरून आल्यावर हायवेला ८० च्या पुढे स्टिअरिंग थरथरायला लागलं तर लगेच अलाइनमेंटला धावू नका. रिमच्या आतल्या बाजूला चिखलाचा थर वाळलेला असतो आणि चाकाचा तोल जातो. पाण्याचा फवारा आतून मारा, बहुतेक वेळा थरथर तिथेच थांबते. चॅसीच्या पोकळ भागांत, मडगार्डच्या कडांना आणि रेडिएटरसमोर माती अडकते, तिथे पाणी मारताना नळी लांब धरा, रेडिएटरची पाती नाजूक असतात. कोकणातून आलात तर खाऱ्या हवेचा थर साध्या पाण्याने त्याच दिवशी काढा.

अँटी-रस्ट कोटिंग पावसाळ्याआधी, गाडी पूर्ण कोरडी करून. ब्रेक, सायलेन्सर, रबरी बुश आणि अ‍ॅक्सलवरचे ब्रीदर (आतली हवा ये-जा करायची तोंडं) यांवर ते उडू देऊ नका. कोटिंगवाल्याजवळ उभं राहून करून घ्या आणि झाल्यावर रॅम्पखाली जाऊन मोबाइलच्या उजेडात एकदा बघा. सर्व्हिसिंगला देताना जॉब कार्डवर प्रॉपेलर शाफ्टचं (चाकांकडे ताकद नेणाऱ्या दांड्याचं) ग्रीसिंग आणि ट्रान्सफर केसच्या तेलाची पातळी लिहून घ्या. शहरातल्या वर्कशॉपमध्ये सगळ्या गाड्या एका रांगेत धुऊन-पुसून निघतात आणि या दोन गोष्टी सहज राहून जातात.